सड्यावरचा बैल

१ फेब्रुवारी १९८७, रविवार

दत्तारामला सिमेंटवाल्याने डायरी दिली, त्याने ती माझ्यापुढे टाकली. बोलला, "बाबा, बसून कंटाळा येतो ना, लिहा काहीतरी." मला कंटाळा येत नाय. लोकांना माझा येतो. शाळा चौथीपर्यंत. एष्टीत होतो तेव्हा डेपोत गाडीची तक्रार लिहायचो, तेवढंच लिखाण. पण कोरी वही फुकट गेलेली बघवत नाय.

घरात काय आहे ते एकदा लिहून टाकतो. मी महिपत, एष्टीचा रिटायर ड्रायव्हर. बायको गोदा. मुलगा दत्ताराम. सहदेव माझ्या भावाचा. भाऊ मुंबईत वारला तेव्हा हा पोर चड्डीत होता, माझ्या ताटात जेवून मोठा झाला. दोघांनी मिळून सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या माळावर, चिऱ्याची खाण काढली. पैसा आला तशी भांडणं आली. खाणी दोन झाल्या, चुली दोन झाल्या. गेल्या दिवाळीत अंगणाच्या मधोमध गडगा घातला, आमच्याच खाणीच्या चिऱ्यांचा.

गडग्याच्या ह्या अंगाला दत्तारामची कॉन्टेसा. पांढरी, लांबडी, किनाऱ्याला ओढलेल्या होडीसारखी. त्या अंगाला सहदेवची प्रीमियरची एकशेअठरा एनई. ती लाल. आधी दत्तारामने घेतली, म्हणून सहदेवने घेतली. दारात दोन मोटारी आहेत आणि गोदा अजून डोक्यावर कळशी घेऊन विहिरीवर जाते.

५ फेब्रुवारी

पालीच्या बाजारात गेलो होतो. चहावाला विचारतो, "काय महिपतदा, काल तुमच्या पोरांनी आम्हाला धूळ खायला घातली." कालचं मला आज कळतं. हातखंब्यापासून दोघे एकमेकांना मागे टाकत आले. वळणावर! मी त्या रस्त्याने तीस वर्षं एष्टी चालवली, एक कोंबडी मेली नाय माझ्या हातून.

घरी येऊन दत्तारामला झाडला. तो बोलला, "त्याने आधी हॉर्न मारला."

मी बोललो, "तो कोण? तुझा भाऊ ना?"

"चुलत."

मग मला राग आला आणि मी बोललो, "चुलत असून गाडी तुझ्यापेक्षा चांगली चालवतो. त्याचा क्लच बघ कसा सुटतो, लोण्यासारखा. तू नांगरावर पाय दिल्यासारखा देतोस." खरं ते खरं. दोघांना मीच जीपवर शिकवलं. सहदेवला एकदा सांगितलं की पुरे व्हायचं.

दत्ताराम न जेवता उठला. हल्ली पोरांना काय बोलायची सोय नाय.

२० फेब्रुवारी

सखाराम गुरव आला. शिमगा तोंडावर आला. पालखी आमच्या अंगणात बसते, माझ्या आजापासून बसते, तसा मान आहे. देवी आमच्याकडे दुपारची टेकते, ओट्या भरल्या जातात, आणि पालखी नाचवायला पहिला खांदा आमच्या घरचा. दरवर्षी सहदेवचा. असा नाचवणारा दुसरा नाय. पालखी त्याच्या खांद्यावर आली की पाखरू बसल्यागत वाटते. दत्ताराम मागच्या दांड्याला असतो.

गुरव ओटीवर बसला, पान लावलं, आणि गडग्याकडे बघून बोलला, "महिपतदा, आता देवी बसवायची खय? ह्या अंगणात का त्या?"

मी बोललो, "बसव कुठेही."

"असं कसं? गाव विचारील. मानकरी विचारतील. गडग्यावर तर बसवता येत नाय ना!"

हसला मेला. गडग्यापलीकडून सहदेवची बायको प्रेमला ऐकत होती. ती बोलली, "आमच्याकडे बसवा गुरवानूं. काकांच्या बाजूला वर्षानुवर्षं बसली. आमचा सासरा काय देवीचा कोण नव्हता?" आतून दत्ताराम ओरडला. तिकडून सहदेव आला. मग जे झालं ते लिहिण्यासारखं नाय. गोदा पदर तोंडाला लावून चुलीपाशी बसली.

मला एकच वाटतं. ह्या शिमग्याला दोघांनी पालखीचा एकेक दांडा धरावा आणि हा तमाशा संपावा. माझं वय झालं. मी गेल्यावर ही पोरं कोर्टात जातील, आणि देवी रस्त्यावर उभी राहील.

२२ फेब्रुवारी, रविवार

बैठक झाली, आमच्याच ओटीवर. गावाचे चार मानकरी, गुरव, हे दोघे. सकाळपासून बडबड. एक बोलतो चिठ्ठ्या टाका. एक बोलतो देवीला कौल लावा. कौल लावला तर सहदेव बोलतो गुरव दत्तारामच्या जीपमधून फिरतो. चहा दोनदा झाला. माझं डोकं फिरलं.

मी उठून बोललो, "गाड्या घेतल्यात ना एवढ्या? मग पळवा एकदाच्या सड्यावर! ज्याची पुढे येईल त्याच्या अंगणात देवी. संपलं. उगाच लोकांचा दिवस खाऊ नका."

मला वाटलं हसतील. दत्तारामने सहदेवकडे बघितलं. किती महिन्यांनी बघितलं असेल. सहदेव बोलला, "मला चालेल." दत्ताराम बोलला, "मला पण."

गुरव बोलला, "पण देवीचा मान असा मोटारीवर..."

मी बोललो, "तुझ्याकडे दुसरा उपाय आहे काय?" नव्हता.

ठरलं. आठ मार्चला, रविवार, खाणी बंद असतात. सड्यावर खाणीचा नवीन डांबरी रस्ता आहे, सरळ, पट्टीने मारल्यासारखा. वडापासून सुटायचं, रस्त्याखालच्या पाण्याच्या मोरीपर्यंत. मोरीपाशी चुन्याची रेघ. रेघेवर मी उभा राहणार, कारण दोघांचा विश्वास एकट्या माझ्या डोळ्यांवर. दत्ताराम मोठा, तो उजव्या अंगाने. सहदेव धाकटा, तो डाव्या. ते पण मीच सांगितलं, नायतर त्यावर आणखी एक बैठक लागली असती.

चटकन मिटवलं. गोदा दिवसभर बोलली नाय. मी विचारलं, "काय झालं?" तर बोलली, "तुमी पोरांना सांगायला हवा होता की भांडू नका. तुमी सांगितलात की पळा."

१ मार्च, रविवार

येड लागलंय दोघांना. दत्तारामने गाडीची मागची सीट काढली, जॅक काढला, स्टेपनी काढली. वजन कमी करतो. कॉन्टेसा मोठी बाई आहे, उठायला वेळ लावणारच. पण एकदा उठली की मागे बघत नाय. मी बोललो, "तू स्वतः थोडा कमी खा, ते सीटपेक्षा बरं." हसला नाय.

सहदेव पेट्रोल मोजून तळाला ठेवतो. रोज सकाळी सड्यावर जाऊन नुसतं सुटायचं शिकतो. थांबला, क्लच, सुटला. थांबला, क्लच, सुटला. टायरचा वास इथपर्यंत येतो. मी गडग्यावरून बोललो, "पहिल्या गिअरमधून लवकर नीघ, ओरडवू नको तिला." तो बोलला, "व्हय काका." पूर्वीसारखं बोलला. दत्ताराम विहिरीपाशी उभा होता, ऐकत होता. मला काय माहीत. त्यानेही विचारलं असतं तर त्यालाही सांगितलं असतं.

आमचे कुळीथ काढून झाले. खळ्यात वाळतायत. अजून दोन उन्हं खाल्ली की मळायला झाले.

८ मार्च, सकाळी

कुळीथ सड्यावर नेले. दरवर्षी आम्ही रस्त्यावर पसरतो. गाड्या वरून गेल्या की शेंगा आपोआप फुटतात, झोडपायचा त्रास नाय. मी ड्युटीवर असताना माझ्याच एष्टीखाली गोदाचे कुळीथ मळायचो, पॅसेंजर ओरडायचे. आज दोन गाड्या जोरात येणार, एका फेरीत काम होईल. रेघेच्या पलीकडे, मोरीनंतर पसरले. शर्यत रेघेला संपते, म्हणजे शर्यतीला अडचण नाय. अर्ध्या रस्त्यावरच पसरले, डाव्या अंगाला. उजवीकडे वाट मोकळी ठेवली, कुणाची सायकल जाईल म्हणून.

गोदा बोलली, "आज नको हो पसरू. पोरं येणार."

मी बोललो, "येणार म्हणूनच."

आता निघतो. टोपी घातली.

११ मार्च, बुधवार

वहीला आज हात लागला.

माणसं शंभरेक असतील, सगळी वडापाशी. मोरीपाशी मी एकटा. गुरवाने वडाखाली गाऱ्हाणं घातलं, दोन्ही गाड्यांपुढे नारळ फोडला. सगळे "व्हय महाराजा" बोलले, ते मोरीपर्यंत ऐकू आलं. मग त्याने उपरणं खाली टाकलं.

लाल गाडी आधी सुटली. मला माहीत होतं. कॉन्टेसा जड उठली, पण अर्ध्या वाटेत तिने अंतर खायला घेतलं. दोन्ही बोनेट रेघेकडे आली तेव्हा मी वाकून उभा होतो. सहदेव पुढे होता. हातभर. मी नीट बघितलं.

मग ब्रेक लागले. दत्तारामची गाडी ओरडली, वाकडी झाली, थांबली. सहदेवच्या गाडीचा आवाज आला नाय. म्हणजे ब्रेकचा आवाज आला नाय. ती तशीच गेली, फिरत गेली, जसा पाटावरचा शंकरपाळा सरकतो तशी, आणि खाणीच्या गडग्यावर आडवी आदळली. चिरे आत आले. डावा पाय गाडीत अडकला होता. दत्ताराम माझ्या आधी पोचला. त्याने हाताने चिरे उचलले. हाताची नखं गेली त्याची.

कॉन्टेसात मागची सीट नव्हती. सहदेवला खाली नुसत्या पत्र्यावर झोपवून रत्नागिरीला नेला. प्रेमला त्याचं डोकं मांडीवर घेऊन पत्र्यावर बसली. मी पुढे बसलो. दत्तारामने गाडी काढली, आणि तेव्हा त्याचा क्लच सुटला तो खरंच लोण्यासारखा.

तिथून कोल्हापूरला पाठवला. गुडघ्याखालून काढला पाय.

गोदाचं एक मला कळलं नाय. सगळे गाडीभोवती ओरडत होते आणि ही बाई कुठूनतरी खराटा घेऊन आली आणि रस्ता झाडायला लागली. पोर रक्तात पडलाय आणि हिला कुळीथ गोळा करायचे. बरं, गोळा केले तर घरी आणायचे ना? संध्याकाळी विचारलं तर बोलली, "खाणीच्या खड्ड्यात टाकले." वर्षभराची पिठी खड्ड्यात.

१४ मार्च

हवालदार आला. ओटीवर बसून लिहून घेतलं. दत्ताराम बोलला, "आम्ही दोघे खाणीवर चाललो होतो. बैल आडवा आला. सहदेव त्याला वाचवायला गेला."

मी तोंड उघडलं. दत्तारामने माझ्याकडे बघितलं. मी हवालदारापुढे पान सरकवलं. मला कळलं, रस्त्यावर शर्यत लावली ती केस होईल म्हणून बैल आणला. पोलिसापुढे ठीक आहे. मी पण एष्टीत असताना असले बैल बघितलेत.

हवालदार बोलला, "कोल्हापूरला जाऊन जखमीचा जबाब घेतला, तोही हेच बोलतो. बैल."

म्हणजे दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं. इतक्या दिवसांनी झालं ते खोट्यावर झालं.

गोदा माझं ताट जमिनीवर ठेवते आणि जाते. पाण्याचा तांब्या पण हातात देत नाय. आजारी आहे काय विचारलं. चुलीकडे वळली.

१५ मार्च

आज गावात होळी लागली. आमच्यातलं कुणी गेलं नाय.

१८ मार्च, बुधवार

दत्ताराम कोल्हापूरहून आला. रोज जातो. इथून डबा नेतो, तिथे खुर्चीवर झोपतो. प्रेमला काल कपडे न्यायला आली तेव्हा बोलली, रात्री सहदेवला पाय नाय तिथे खाज सुटते, तर हा बसून त्याची चादर खाजवतो. माझं हसू थांबेना. मग बंद झालं.

मी दत्तारामला बोललो, "आता पोलीस गेले. आता बैल सोडून दे. प्रेमलाला पण तू बैलच सांगितलास. घरात कशाला?"

तो हातपाय धूत होता. बोलला, "बैल होता बाबा."

"मी रेघेवर उभा होतो. बैल नव्हता."

"तुम्ही रेघेकडे बघत होता."

"अरे मला बैल दिसणार नाय? मी ड्रायव्हर आहे."

त्याने टॉवेल खांद्यावर टाकला. मग हळू बोलला, "बाबा, रागावून विचारत नाय. मोरीपलीकडे त्या दिवशी कोण कोण गेलेलं?"

"मी गेलेलो. कुळीथ पसरायला. ते रेघेच्या पलीकडे होते. शर्यत रेघेला संपली. त्यांचा काय संबंध?"

"काय नाय," बोलला. "काय संबंध नाय. पण हे दुसऱ्या कुणाला सांगू नका. बैल होता." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. ह्या पोराने माझ्या खांद्यावर कधी हात ठेवला नव्हता. मला ते आवडलं नाय. म्हाताऱ्या माणसाला धरतात तसा धरला.

२१ मार्च

सड्यावर गेलो. एकटा, चालत. ऊन फार होतं. कुणाला सांगितलं नाय.

चुन्याची रेघ अजून दिसते. उजव्या अंगाला टायरचे काळे पट्टे, रेघेपासून निघालेले, थांबेपर्यंत अखंड. ते कॉन्टेसाचे.

डाव्या अंगाला पण पट्टे आहेत. रेघेपासून निघतात. सहदेवने ब्रेक वेळेवर दाबला होता, दत्तारामच्या आधी दाबला होता. आठदहा पावलं काळे आहेत. मग नायत. डांबर स्वच्छ आहे, झाडलेलं. मग गडगा.

खड्ड्यात वाकून बघितलं. कुळीथ आहेत. पाखरं खातायत.

घरी आलो. जेवलो नाय.

२५ मार्च

सहदेव आला. दत्तारामने उचलून आणला, पाठीवर. त्या अंगणात नेण्यासाठी फेरा घालावा लागत होता, तर दत्तारामने त्याला ओटीवर बसवला, पहार आणली आणि गडगा पाडायला सुरुवात केली. एकट्याने. प्रेमला बोलली, "भावोजी, माणसं बोलवा." तो बोलला, "घातला तेव्हा नव्हती बोलवली." संध्याकाळपर्यंत चिरे एका बाजूला रचून ठेवले. खाली जमीन ओली होती, गवत पांढरं पडलेलं.

मी सहदेवजवळ बसलो. मी बोललो, "क्लचच्या पायाची पंचाईत झाली."

प्रेमला आत निघून गेली. सहदेव मात्र हसला. "व्हय काका. आता दत्तूदादाची गाडी माझ्यापेक्षा बरी चालणार." मग बोलला, "तुम्ही बारीक झालात. जेवता ना?"

मला विचारतो जेवता ना.

मी सुरुवात केली. "सहदेव, त्या दिवशी मोरीपलीकडे—"

"बैल होता काका," तो बोलला. पटकन बोलला. माझा हात धरला आणि सोडला नाय. "माझ्या नशिबाने आला. कुणी मुद्दाम थोडा सोडतो?"

२७ मार्च, शुक्रवार

पालखी आली.

कुठल्या अंगणात ते सखारामने विचारलं नाय. जिथे गडगा होता त्या पट्ट्यावर पाट मांडला आणि देवी टेकवली. कोण पुढे आलं होतं ते मला अजून कुणी विचारलेलं नाय. मला माहीत आहे. हातभर.

ढोल लागले. पहिला खांदा आमच्या घरचा. सगळे दत्तारामकडे बघायला लागले. तो पुढे झाला, दांडा धरला आणि तसाच उभा राहिला. नाचवेना. पालखी त्याच्या खांद्यावर नुसती होती, ओझं असतं तशी. सहदेव खुर्चीवरून ओरडला, "दादा, कमरेतून! गुडघ्यात वाक!" दत्ताराम वाकला. जड, जसा कॉन्टेसा उठते तसा. लोक ओरडले. मला सहदेवच्या तोंडाकडे बघवलं नाय. तो टाळी वाजवत होता, आणि धोतराच्या रिकाम्या बाजूत त्याचा गुडघ्यापर्यंत उरलेला पाय ढोलाबरोबर हलत होता.

देवी टेकल्यावर गुरवाने गाऱ्हाणं घातलं. ह्या घरावर जे आलं ते घेऊन जा, सडा राख, वाट राख, गुराढोरांना आवर. आम्ही "व्हय महाराजा" बोललो. मी पण बोललो.

ओट्या भरून झाल्यावर बायका बसल्या होत्या. तेव्हा प्रेमलाने विचारलं. सगळ्यांसमोर, साधंच विचारलं. "काका, तुमी तर रेघेवर उभे होता. ह्यांना विचारते तर एकदा काळा सांगतात, एकदा पांढरा. भावोजींना विचारलं तर बोलतात बघितला नीट नाय. कसला होता हो तो बैल? कुणाचा होता?"

दत्ताराम पाणी पीत होता, थांबला. सहदेवने खाली मान घातली. गोदा दारात उभी होती, हातात नारळाचं तबक, आणि सबंध महिन्यात पहिल्यांदा माझ्याकडे बघत होती.

मी बोललो, "तांबडा होता. मोठा. एक शिंग मोडकं. खालच्या अंगाने आला आणि खालीच गेला. कुणाचा ते कळलं नाय."

प्रेमला बोलली, "मेल्याला देव बघून घेईल."

सहदेव बोलला, "व्हय. एक शिंग मोडकंच होतं. आता आठवलं."

मग कुणी काय विचारलं नाय. ढोल परत लागले, पालखी पुढच्या घरी निघाली. गोदा आली आणि खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातात ठेवला. जमिनीवर नाय, हातात. तो मला चाववला नाय. अजून माझ्याजवळ आहे.